पाणी निघालं आणि प्लेटा गायब

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. कुणी आदराने बसवून चहाचा कप हातात दिला की ती आपोआप आठवते. आता निवृत्त होऊन पिंप्राळ्यात राहतो, सकाळी फिरायला जातो, ऐकणारा भेटला की सांगतो. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. त्या गुन्ह्यातले आरोपी अजून मला दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाला बोलावतात आणि ते आमंत्रण मला गमवायचं नाही.

तेव्हा मी नदीकाठच्या एका तालुक्याच्या शहरात ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. आमच्या भागात नदीच्या एका काठाला जळगाव जिल्हा, दुसऱ्या काठाला धुळे. वर बऱ्याच अंतरावर मोठं धरण आणि त्याच्या पायथ्याला वीज केंद्र. उन्हाळ्यात धरणातून पिण्यासाठी आवर्तन सुटायचं, म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेलं पाणी. ते आधी टर्बाइन फिरवायचं, मग नदीत उतरायचं आणि दोन दिवस कोरड्या वाळूतून चालत आमच्या शहराच्या बंधाऱ्यापर्यंत यायचं.

हा बंधारा म्हणजे नदीत ओळीने उभे केलेले दगडी खांब; दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे एक गाळा. खांबांच्या खाचांमध्ये लोखंडी प्लेटा सरकवायच्या, फटींना रबराच्या पट्ट्या लावायच्या, की पाणी अडतं. शेजारी नगरपालिकेची विहीर, आणि त्या विहिरीवर सगळ्या शहराचे नळ. प्लेटा नसल्या तर पाणी खांबांना नमस्कार करून सरळ गुजरातची वाट धरतं.

एका सोमवारी सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना पाटबंधारे खात्याचे शाखा अभियंता आत आले. अंगाने काडी, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि चेहरा असा की माणूस स्वतःचीच हरवल्याची तक्रार द्यायला आलाय असं वाटावं.

"साहेब, प्लेटा गेल्या."

"किती?"

"सगळ्या. नदीकाठच्या शेडमध्ये शंभरावर प्लेटा होत्या. एकही नाही."

मी म्हटलं, "मग पाणी चार दिवस उशिरा सोडा. तोवर शोधतो."

ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. "ते माझ्या हातात नाही. वीज केंद्राला तास नेमून दिलेत. नदीकाठच्या मोटारींची वीज तेवढ्याच दिवसांसाठी तोडलीय. कलेक्टर साहेबांची मंजुरी त्याच तारखांची. गुरुवारी सकाळी आठला पाणी सुटणार, शनिवारी दुपारपर्यंत इथे येणार. हे शेवटचं आवर्तन आहे. याच्यानंतर धरणात आपल्या वाट्याचं काही उरत नाही. आणि सुटलेल्या पाण्याला रिव्हर्स गिअर नसतो, साहेब."

"शहराला साठा किती दिवसांचा?"

"आठवड्याचा. काटकसर केली तर."

आता चोरीचा गुन्हा मी शेकड्यांनी दाखल केलाय. म्हैस गेली, मोटारसायकल गेली, देवळातली घंटा गेली. पण चोरीच्या मालाच्या मागे धरण चालत येतंय, असा गुन्हा पहिलाच. मी तक्रार लिहून घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि जो विचार कुठलाही पोलीस करेल तोच केला: लोखंड गेलं म्हणजे भंगारात गेलं. एक पथक चाळीसगावच्या भंगार गोदामांकडे पाठवलं, दुसरं सोनगीरला हायवेवर ट्रक तपासायला. आणि शहरातल्या सर्वांत मोठ्या भंगारवाल्या शेठजींना ठाण्यात बोलावलं.

शेठजींचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण चार पिढ्या इथे काढल्यामुळे मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. पांढरे शुभ्र कपडे, सोबत घरची पाण्याची बाटली. ठाण्याचं पाणी ते पीत नसत. म्हणायचे, तुमच्या पाण्याने माणूस खरं बोलायला लागतो.

मी टेबलावर काठी ठेवली. ती मी नेहमी ठेवायचो, वापरायची गरज पडायची नाही. "शेठ, प्लेटा कुठे आहेत?"

"माझ्याकडे असत्या तर मीच फोन करून विचारलं असतं, साहेब, कुठे उतरवू."

"शंभरावर प्लेटा आहेत. हवेत विरल्या का?"

"सरकारी रंग, वर नंबर टाकलेला, आणि आवर्तनाचा आठवडा. असा माल घेणारा भंगारवाला वेडा तरी असेल, नाहीतर माझा मेव्हणा." त्यांनी शांतपणे बाटलीतलं पाणी घेतलं. मग अभियंत्यांकडे वळून म्हणाले, "भाऊ, एक विचारू? रबर पण गेलं का?"

"गेलं ना. पट्ट्यांची अख्खी गुंडाळी गेली."

"मग तुम्ही चुकीचा माणूस धरून आणलाय, साहेब. लोखंडाला भाव आहे. पण ते रबर माझ्या दारात फुकट टाकलं तरी मी उचलायला हमाल लावणार नाही. ज्याने रबर नेलं त्याला लोखंड विकायचं नाही. त्याला पाणी अडवायचंय."

ठाणे अंमलदाराने लिहिता लिहिता पेन थांबवलं. मी काठी टेबलावरून उचलून कोपऱ्यात ठेवली. तीसेक वर्षांच्या नोकरीत माझ्याच खुर्चीसमोर बसून मला तपास शिकवणारा हा एकमेव संशयित. जबाबावर सही घेऊन मी त्यांना स्वतः दारापर्यंत सोडलं.

आता गणित सोपं झालं. आवर्तनाच्या आधी नदीवरच्या वरच्या गावांच्या बंधाऱ्यांमधल्या प्लेटा काढून सरकारी गोदामात कुलूपबंद करतात, नाहीतर पाणी शहरापर्यंत येतच नाही. म्हणजे वरच्या एखाद्या गावाला पाणी अडवायचं असेल, तर त्याच्याकडे स्वतःच्या प्लेटा नाहीत. मग कुणाच्या घ्यायच्या? मापाने बसतील अशा शहराच्याच. अभियंत्यांनी नकाशा पाहिला आणि बोट ठेवलं. आमच्या बंधाऱ्याच्या मापाचा दुसरा बंधारा नदीवर एकच होता. साधारण वीस किलोमीटर वर, जळगावच्या काठाला. आपण त्याला वरचं गाव म्हणू.

बुधवारी सकाळी मी दोन गाड्या घेऊन वरच्या गावात उतरलो. केळीच्या बागा, पानं कडेने करपलेली. सरपंचांना सगळे नाना म्हणत. साठीचा पैलवान गडी, मिशा अशा पिळलेल्या की त्यांना वेगळा बंदोबस्त लागावा. त्यांनी हात जोडून आम्हाला गावाच्या मधोमध निंबाखाली नेलं. तिथे नवाकोरा ओटा होता. गुडघ्याएवढा उंच, शेणाने सारवलेला, वर रांगोळी. आखाजी दोन दिवसांवर होती, निंबाला लेकींसाठी झोके टांगले होते.

"बसा साहेब. गौराईसाठी नवा ओटा बांधा यंदा. पहिला मान तुमना."

आम्ही बसलो. नानांच्या थोरल्या वहिनी, साऱ्या गावाच्या अक्का, स्वतः चहा घेऊन आल्या. सोबत सांजोऱ्या. अक्कांच्या चेहऱ्यावर अशी माया की मला माझी आई आठवली.

"नाना, शहराच्या प्लेटा गेल्यात."

"अरे देवा. आमले काय मालूम, साहेब. आमन्या तं सरकारनी कुलूपमा ठेल्यात."

"रबराच्या पट्ट्या पण गेल्या."

"रबर?" नानांनी विचार केल्यासारखं केलं. "शाळामा पोऱ्यास्ले खोडाले लागस, ते?"

माझा एक शिपाई हसला, मी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला. आम्ही घरं पाहिली, विहिरीत गळ टाकले, कडब्याच्या गंज्या सळईने टोचल्या. एकेकाला वेगळं घेऊन विचारलं. पोलिसांत एक साधी चाचणी असते: खोटं बोलणाऱ्या दहा माणसांची उत्तरं दहा प्रकारची येतात. इथे सगळा गाव एकच उत्तर देत होता आणि तेही हसतमुखाने. म्हणजे हे खोटं नव्हतं, ही ग्रामसभा झालेली होती. पण माल सापडल्याशिवाय ठराव काय कामाचा? निघताना अक्कांनी आणखी एक कप पाजला. मी पुन्हा त्या ओट्यावर बसून तो प्यायलो.

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी अभियंत्यांचा फोन आला. "टर्बाइन फिरलं, साहेब. पाणी निघालं."

शुक्रवारी आखाजी. त्या दिवशी मला पुन्हा वरच्या गावाला जावंच लागणार होतं, तपासासाठी नाही, बंदोबस्तासाठी. आमच्या खानदेशात या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, गौराई बसवतात आणि दुपारनंतर नदीवर बोळवतात. त्या भागात आणखी एक पद्धत होती. नदीच्या दोन काठांवर समोरासमोरची दोन गावं. बोळवण झाली की दोन्हीकडच्या बायका पात्राच्या कडेला उभ्या राहून एकमेकींच्या गावाला गाण्यांमधून मनसोक्त शिव्या घालतात. तासभर. कुणी राग मानायचा नाही असा नियम, पण कधीमधी एखादं ढेकूळ उडतं, म्हणून पोलीस.

मी पात्रात खुर्ची टाकून बसलो होतो. मन थाऱ्यावर नव्हतं. पाणी तासाभरात इथवर येणार होतं आणि माझ्याकडे एकही प्लेट नव्हती. शेजारी आमच्या महिला हवालदार बाई. त्या शिरपूरकडच्या खेड्यातल्या, अहिराणी त्यांची घरची भाषा. माझी अहिराणी बोलण्यापुरती. गाण्याचा वेग तिला झेपत नव्हता.

धुळ्याच्या काठावरून पहिला मारा झाला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ते सांगण्यासारखं नाही, साहेब."

"बाई, आपण ड्युटीवर आहोत."

"ड्युटीवर आहे म्हणूनच सांगत नाही."

इकडून उत्तर गेलं. अक्का पुढे उभ्या, पदर खोचलेला, आवाज असा की नदीला कान असते तर तिने ते झाकले असते. हवालदार बाईंनी रुमाल तोंडाला लावला. मग समोरून एक उंच बाई पुढे आली आणि तिने असं काही म्हटलं की वरच्या गावाच्या बायका एकदम गप्प झाल्या.

"हे तरी सांगा."

"हे सांगता येईल. ती म्हणते,

वरला गावना मानसेस्नी मिशास्ले लाया तेल,
दारवरतीन पानी गयं, आन् देखत बसनात खेल."

पाणी दारावरून जातं आणि तुमचे पुरुष मिशांना तेल लावून तमाशा बघत बसतात. घाव वर्मी होता. दरवर्षी तेच होत होतं. मी नानांकडे पाहिलं. त्यांचा हात मिशीवर गेला आणि तिथून खाली आला. मग ते अक्कांकडे वळून डोळ्यांनी काहीतरी विनवू लागले. नका, म्हणजे नकाच.

पण अक्कांचं लक्ष नव्हतं. समोरची बाई कमरेवर हात ठेवून हसत होती. अक्कांनी पदर आणखी घट्ट खोचला आणि गायल्या. या वेळी मात्र कुणी मला अर्थ सांगायची गरज पडली नाही.

"शहरन्या प्लेटा आन्यात आम्हीन, बांधा तेस्ना ओटा,
त्यावर बशी च्या पिना फौजदार मोठा."

दोन्ही काठ हसले. दोन जिल्हे एका वेळी हसताना मी तेव्हाच पाहिले. आपण काय गायलो हे अक्कांना दुसऱ्या ओळीनंतर कळलं असावं; त्यांनी पदर तोंडावर ओढला. नाना मटकन वाळूत बसले.

हवालदार बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, फौजदार म्हणजे..."

"कळलं."

"दोन कप प्यालात तुम्ही."

"बाई, पंचांना बोलवा."

गौराईची बोळवण झालेली होती, त्यामुळे ओट्याला हात लावायला हरकत नव्हती. आधी लावला असता तर गाव बाजूला राहो, हवालदार बाईंनीच मला सोडलं नसतं. पोस्टमास्तर आणि एक शाळामास्तर असे दोन पंच घेतले. समोरच्या काठावरच्या सात-आठ बायका पंच व्हायला पात्र ओलांडून आल्या होत्या, त्यांना महत्प्रयासाने परत पाठवलं. पहिला टिकाव पडला, सारवण फुटलं, माती सरकली आणि खणकन आवाज आला. खाली थरावर थर, नीट रचलेल्या निळ्या प्लेटा. मधल्या पोकळीत रबराची गुंडाळी, ओली होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये बांधलेली. चोरी करावी तर अशी निगुतीने.

नाना पुढे आले. "साहेब, बागा जळी राह्यनात. आम्हीन तं दोन दिन पानी अडावणार व्हतूत, मंग सोडी देणार व्हतूत. प्लेटा बी परत."

"नाना, दोन दिवस अडवलं असतं तर उरलेलं वाळूच प्यायली असती. शहरात तुमच्यासारखीच माणसं आहेत."

त्यांच्याच ट्रॅक्टरवर माल चढवला, त्यांच्याच माणसांनी. शेवटचा ट्रॅक्टर निघाला तेव्हा पात्राच्या वळणावर पाण्याची पहिली चपटी जीभ दिसली, पुढे पालापाचोळा ढकलत येणारी. आता शर्यत लागली होती.

शनिवारी सकाळी बंधाऱ्यावर ठाण्याचे कागद सांभाळणारे आमचे मुन्शी कायद्याचं बोट धरून उभे राहिले. "साहेब, हा जप्त मुद्देमाल आहे. मालखान्यात जमा करायला लागतो. कोर्टाच्या हुकमाशिवाय परत देता येत नाही आणि कोर्ट सोमवारी."

ते बरोबर होते. मालखाना म्हणजे दहा बाय दहाची खोली, तिच्यात दारूचे कॅन आणि एक बेवारस सायकल. मी म्हटलं, "मुन्शी, जमा करण्याआधी मालाची ओळख पटवायला हवी ना?"

"हो."

"प्रत्येक प्लेटवर गाळ्याचा नंबर आहे. ती त्याच गाळ्याच्या खाचेत बसली तर ओळख पटली. ओळख पंचनामा सुरू करा."

मुन्शींनी माझ्याकडे पाहिलं, बंधाऱ्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. प्लेट उचलायची, नंबर वाचायचा, खाचेत सोडायची, पंचांनी "बसली" म्हणायचं, रबर लावायचं, पुढची. नगरपालिकेचे लोक, माझे शिपाई, सगळे भिडले. अभियंते एका खांबावरून दुसऱ्या खांबावर बगळ्यासारखे उड्या मारत होते.

अकराच्या सुमाराला ते ओरडले. सातव्या गाळ्यात तळची एक प्लेट कमी होती. सगळीकडे शोधलं, नाही. ओट्याचा खड्डा तपासायला फोन केला, तिथेही नाही. तळाची एक जागा रिकामी राहिली तर बाकी सगळं बसवून उपयोग नव्हता. रात्रभरात बंधारा रिकामा. वर वळणावर कुत्री भुंकत मागे पळू लागली. पाणी आलं होतं.

पाणी पहिल्या खांबांना लागलं तेव्हा काठावर एक ट्रॅक्टर फुफाटा उडवत उतरला. नाना चालवत होते. मागे ट्रॉलीत अक्का बसलेल्या आणि त्यांच्या शेजारी पस्तिशीची एक बाई, मांडीवर निळी प्लेट धरून. प्लेटेवर साबणाचे डाग.

ती बाई बोलू लागली, शहरी मराठीत. "मी यांची लेक. तुमच्याच शहरात दिलीय, आखाजीला माहेरी आले होते. सकाळी न्हाणीत पाय ठेवला तर पायाखाली नंबर. आईला विचारलं तर म्हणते, दगड तुटला होता, एक ठेवून घेतली. मी म्हटलं, परवा मी घरी जाईन तेव्हा माझ्या नळाला काय येईल, तुझी गाणी?"

अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मनी पोरना घरना पानीवर मी आंग धोस व्हतू, साहेब. माले काय मालूम." आणि त्या रडल्या नाहीत, पण ती प्लेट चौघे खांबाकडे नेत असताना त्यांनी तिला हात लावून नमस्कार केला.

पाणी घोट्याएवढं झालं होतं. नाना स्वतः गाळ्यात उतरले, खांद्याने प्लेट दाबून धरली, अभियंत्यांनी रबर ठोकलं. झिरपणारी धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही बंद. पंचांनी म्हटलं, "बसली." मागे पाणी चढू लागलं. संध्याकाळपर्यंत खांबांची निम्मी उंची बुडाली आणि विहिरीवरची मोटार चालू झाली तेव्हा सगळ्या शहराने फटाके वाजवले. परवानगी कुणी मागितली नाही आणि मीही दुसरीकडे पाहत होतो.

सोमवारी मी न्यायाधीशांसमोर अहवाल घेऊन उभा राहिलो. त्यांनी सगळा वाचला, चष्मा काढला.

"मुद्देमाल सध्या कुठे आहे?"

"पाण्याखाली, साहेब. सुरक्षित आहे."

"परत कधी हजर करणार?"

"पाऊस लागून प्लेटा काढल्या की."

त्यांनी खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. खांदे हलत होते. मग हुकूम दिला: मुद्देमाल आहे त्या जागी पाटबंधारे खात्याच्या ताब्यात राहावा. नाना आणि सहा जणांनी पुढे गुन्हा कबूल केला, कोर्टाने समज आणि दंड देऊन सोडलं. अक्कांचा जबाब मी घ्यायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गानं व्हतं ते. गानाना जबाब नही रहास." मी तसंच लिहून घेतलं. आणि अहवालाच्या शेवटी एक ओळ माझी घातली: वरच्या गावाच्या जनावरांच्या आणि बागांच्या पाण्याचा आवर्तनाच्या आखणीत विचार व्हावा. अभियंत्यांनी ती ओळ वरपर्यंत नेली. पुढच्या उन्हाळ्यापासून त्यांच्या बंधाऱ्यात दर गाळ्याला तळच्या दोन प्लेटा राहू देतात. तेवढ्याने बागा तगतात.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवीन भरतीची पोरं विचारतात. पोलिसासमोर गप्प बसणं माणसाला जड जात नाही. अख्खं गाव ते करू शकतं, हसतमुखाने, सांजोऱ्या खाऊ घालून. पण समोरच्या काठावरून कुणी हिणवलं की जिभेचा दरवाजा आपोआप उघडतो. आणि जे कायद्याला परत द्यायचं नसतं, ते लेक मागते तेव्हा माणूस ट्रॅक्टर जोडून घेऊन येतो. म्हणून नंतर कुठल्याही गावात तपासाला गेलो की काठी गाडीतच ठेवायचो आणि आधी दोनच गोष्टी विचारायचो: या गावाचं कुणाशी वाकडं आहे, आणि इथल्या लेकी कुठे दिल्यात. उत्तरं मिळाली की निम्मा तपास तिथेच आटोपायचा.